ॲनिमेशनमधल्या सुपरहिरोसाठी लोक तिकीट काढतील का?

ॲनिमेशनचा कोर्स करून दोन-तीन वर्षं स्टुडिओत काम केलेल्या तिघांनी विचारलं आहे: कोकणातल्या एका मुलीला शक्ती मिळते अशी सुपरहिरोची गोष्ट आमच्याकडे आहे आणि तिचा ॲनिमेशनपट करायचा आहे. पण जो भेटतो तो सांगतो की थिएटरात सुपरहिरो चालतो तो खऱ्या नटांचा. कार्टून लोक घरी बघतात, त्यासाठी तिकीट काढत नाहीत. हे कितपत खरं? आम्ही थिएटरचा विचार सोडून द्यावा का?

मी चोवीस वर्षं या कामात आहे. कागदावर इनबिटवीन, म्हणजे दोन मुख्य पोझमधली चित्रं, काढण्यापासून सुरुवात केली, मग स्टोरीबोर्ड, म्हणजे प्रसंगांचा चित्रांतला कच्चा आराखडा, आणि आता ॲनिमेशन सुपरव्हायझर आहे. टीव्ही मालिका, थेट डीव्हीडीवर जाणारे परदेशी चित्रपट आणि थिएटरसाठीचे चित्रपट, तिन्हींत काम केलं आहे. त्यामुळे या प्रश्नाचं उत्तर मला आकड्यांवरूनही द्यायचं आहे आणि कामाच्या टेबलावरूनही.

आकड्यांचं आधी. असे चित्रपट चालतात. २०१८ चा 'इन्क्रेडिबल्स २' जगभरात १२० कोटी डॉलरच्या पुढे गेला. २०१४ चा 'बिग हिरो ६' मार्व्हलच्या फारशा कोणाला ठाऊक नसलेल्या कॉमिकवरून केलेला, तोही ६५ कोटी डॉलरपर्यंत पोचला. त्यामुळे 'चालू शकतात का' हा वाद संपलेला आहे. तरीही तुम्हाला अडवणारी मंडळी चूक आहेत असं मी म्हणणार नाही. त्यांनी आयुष्यभर जे ॲनिमेशनमधले सुपरहिरो पाहिले ते टीव्हीवर आणि डीव्हीडीवरच. ती सवय कशी लागली आणि ती मोडली कोणी, हे एकदा नीट बघा.

सुपरमॅन पडद्यावर पहिल्यांदा आला तो चित्र म्हणून, आणि तोही थिएटरात. १९४१ मध्ये फ्लायशर बंधूंच्या स्टुडिओनं पॅरामाउंटसाठी सुपरमॅनचे छोटे रंगीत कार्टूनपट काढायला घेतले. पुढच्या दोन वर्षांत असे सतरा निघाले. पहिल्यावर ५०,००० डॉलर खर्च झाले, तेव्हाच्या नेहमीच्या कार्टूनच्या कितीतरी पट. कॉमिक्समध्ये उंच उड्या मारणारा सुपरमॅन पुढे सलग उडायला लागला, त्यात या कार्टूनांचा मोठा वाटा आहे. मिळाले तर जरूर बघा. यंत्रमानवांच्या सावल्या भिंतीवरून सरकतात, प्रकाशाचे झोत अंधार कापत जातात. हे सगळं मोठ्या पडद्यासाठी, अंधारात बसलेल्या मोठ्या माणसांसाठी काढलेलं होतं. म्हणजे हा प्रकार जन्मला थिएटरात आणि घरात नेला तो नंतर टीव्हीनं. साठ-सत्तरच्या दशकांत शनिवार सकाळच्या कार्टूनांसाठी स्वस्त, कमी हालचालींचं ॲनिमेशन आलं आणि सुपरहिरो म्हणजे मुलांचा न्याहारीच्या वेळचा कार्यक्रम झाला.

मग १९९३. माझ्या मते या सगळ्या गोष्टीतलं सर्वांत शिकवणारं वर्ष. त्याच्या आदल्या वर्षी अमेरिकेत बॅटमनची एक ॲनिमेटेड मालिका सुरू झाली होती. तिची पार्श्वभूमीची चित्रं पांढऱ्या कागदाऐवजी काळ्या कागदावर रंगवायचे. रात्र रंगवायचीच नाही, रात्र कागदातच आहे, रंगवायचा तो फक्त उजेड. एवढ्या एका निर्णयानं ती मालिका बाकी सगळ्या कार्टूनांपासून वेगळी झाली. त्याच टीमनं 'मास्क ऑफ द फँटॅझम' हा चित्रपट हाती घेतला. तो होता व्हिडिओ कॅसेटसाठी. मध्येच वॉर्नर ब्रदर्सनं ठरवलं की थिएटरात लावायचा. जिथं अशा चित्रपटाला दोन वर्षं तरी लागतात तिथं टीमला आठेक महिने मिळाले. टीव्हीच्या चौकोनासाठी आखलेले शॉट रुंद पडद्यासाठी पुन्हा सांभाळून घ्यावे लागले. २५ डिसेंबर १९९३ ला, ऐन नाताळात, जेमतेम जाहिरात करून तो लावला. खर्च अंदाजे ६० लाख डॉलर आणि तिकीटविक्री ५६ लाखांच्या आसपास.

चित्रपट उत्तम होता. ब्रूस वेन, म्हणजे मुखवट्यामागचा बॅटमन, आईवडिलांच्या थडग्यापुढे उभा राहून म्हणतो की मला सुखी व्हायचं आहे, तुम्हाला दिलेल्या वचनातून मला सोडवा. बॅटमनच्या खऱ्या नटांच्या चित्रपटांतही इतका उघडा क्षण फार थोडा सापडेल. पुढे कॅसेटवर लोकांनी तो भरभरून पाहिला. पण धंद्यानं यातून धडा घेतला तो असा की ॲनिमेशनमधला बॅटमन थिएटरात चालत नाही. मला तो धडाच चुकीचा वाटतो. त्या नाताळात थिएटरात त्या चित्रपटाला आपली बाजू मांडायची संधीच मिळाली नव्हती. एका फसलेल्या रिलीजवरून एका अख्ख्या माध्यमाचा निकाल लागला, आणि त्यानंतर वर्षानुवर्षं मोठे सुपरहिरो ॲनिमेशनमध्ये आले ते डीव्हीडीवर. मार्व्हलनं २००६ पासून, बॅटमन-सुपरमॅनच्या डीसी कंपनीनं २००७ पासून अशा चित्रपटांची रांग लावली. खर्च बांधलेला, लांबी सव्वा तासाच्या आसपास, गिऱ्हाईक ठरलेलं.

त्या प्रकारच्या कामात मी तीन वर्षं होतो. आमच्या मुंबईतल्या स्टुडिओत परदेशातून स्टोरीबोर्ड यायचे. त्या कामात हुशारी होती, पण ती सगळी हुशारी खर्च वाचवण्याकडे लावलेली. पात्र चालतं तर फ्रेम कमरेच्या वर ठेवायची, म्हणजे पाय काढायला नकोत. लांबलचक संवाद असेल तर अंग स्थिर आणि फक्त ओठ हलतात. स्फोट झाला की कॅमेरा हलवायचा आणि तीन चित्रांत काम भागवायचं. घरच्या पडद्यावर हे खपून जातं, कारण बघणाऱ्याची नजर लहान चौकोनावर असते आणि संवाद गोष्ट पुढे नेत असतात. लोकांना ते चित्रपट आवडायचे, मलाही त्यांतले काही आवडतात.

पण पुढे एका निर्मात्यानं असंच, टीव्हीच्या दर्जानं केलेलं काम थेट थिएटरात लावलं. मी त्याच्या टीममध्ये होतो. पहिल्या शुक्रवारी सकाळच्या शोला चौथ्या रांगेत बसलो. एक शॉट होता: नायक खिडकीतून बाहेर बघतो, तीन सेकंद. मी तो शॉट मॉनिटरवर शेकडो वेळा पाहिला होता, कधी खटकला नव्हता. त्या पडद्यावर नायकाचा चेहरा दोन मजले उंच, आणि त्यात काहीही हलत नाही. ना पापणी, ना श्वास. आमच्या भाषेत त्याला होल्ड म्हणतात. चांगला ॲनिमेटर होल्डमध्येही थोडी हालचाल जिवंत ठेवतो, तो झाला मूव्हिंग होल्ड. आमच्याकडे त्यासाठी दिवस नव्हते. तिसऱ्या सेकंदाला माझ्या मागच्या रांगेतली मुलं आपसात बोलायला लागली. ती पुन्हा गोष्टीत आलीच नाहीत.

थिएटर आणि घर यांतला फरक मला तिथं कळला. मोठा पडदा मारामारी सांभाळून घेतो, धूर आणि आवाज खूप काही झाकतात. पडदा पकडतो ते शांत क्षण. सुपरहिरो एकटा असतो, मुखवटा काढून बसलेला असतो, तेव्हा त्याचा चेहरा भरून राहायला हवा. तुम्हाला बजेटचा मोठा भाग लढाईला द्यावासा वाटेल, सगळ्यांनाच वाटतो. माझं ऐका, तो त्या शांत शॉट्सना द्या.

२००४ च्या 'द इन्क्रेडिबल्स'नं हेच केलं म्हणून तो चालला, असं मी ठामपणे म्हणेन. ९ कोटी डॉलरच्या आसपास खर्च, जगभरात ६३ कोटी कमाई, दोन ऑस्कर. कुठलंही जुनं कॉमिक पाठीशी नाही, नायक पोट सुटलेला विमा कंपनीतला कारकून. पण दिग्दर्शक ब्रॅड बर्डनं शक्ती वाटून दिल्या कशा ते बघा. घरातला बाप ताकदवान. सगळीकडून ओढली जाणारी आई रबरासारखी ताणली जाते. कोणी आपल्याकडे बघू नये असं वाटणारी वयात आलेली मुलगी अदृश्य होते. एका जागी न बसणारा मुलगा वाऱ्यासारखा पळतो. शक्ती हा स्वभावाचाच वाढवलेला आकार आहे. खऱ्या नटाला घेऊन रबराची आई केली तर बघणारा तंत्राकडे बघत बसतो. ॲनिमेशनमध्ये आईचा हात तीन खोल्या ओलांडून जातो आणि बघणाऱ्याला फक्त आई दिसते.

आता २०१८ च्या 'स्पायडर-मॅन: इंटू द स्पायडर-व्हर्स'कडे येऊ. यावर मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण तुमच्या वयाच्या ॲनिमेटरांनी हा चित्रपट फ्रेम फ्रेम थांबवून अभ्यासायला हवा.

सेकंदाला चोवीस फ्रेम हे तुम्हाला माहीत आहेच. कॉम्प्युटरवरच्या ॲनिमेशनमध्ये साधारणपणे प्रत्येक फ्रेमला नवी पोझ असते, ऑन वन्स. हाताच्या ॲनिमेशनमध्ये पुष्कळदा एक चित्र दोन फ्रेम धरतात, ऑन टूज. या चित्रपटात संगणकावर काम करून पात्रं टूजवर चालवली, हालचालीतला धूसरपणा काढून टाकला, छापील कॉमिक्समधले रंगांचे ठिपके आणि किंचित सरकलेली रंगछपाईसुद्धा आणली. आणि मग ती टूजची युक्ती गोष्टीत वापरली. जंगलातून झोके घेत पळण्याचा प्रसंग आहे. मुरलेला स्पायडर-मॅन पीटर पार्कर वन्सवर आहे, सफाईनं जातो. नुकतीच शक्ती मिळालेला नवखा मुलगा माइल्स टूजवर आहे, म्हणून अडखळल्यासारखा दिसतो. शंभरातल्या नव्याण्णव प्रेक्षकांना हे काय चाललंय ते सांगता येणार नाही, पण माइल्स अजून कच्चा आहे हे प्रत्येकाला जाणवतं. पुढे तो उंच इमारतीवरून उडी घेतो तेव्हा बोटांना चिकटलेली काच तुटून येते, कारण भीतीनं त्याची पकड सुटलेली नसते. मग कॅमेरा उलटा होतो आणि खाली पडणारा मुलगा वर चढताना दिसतो.

हे खऱ्या नटांच्या चित्रपटात करता येत नाही. तिथं कितीही पैसा ओता, माणसाचं शरीर माणसाचंच राहतं. 'खऱ्या नटांचा असताना चित्रातला कशाला बघायचा' या प्रश्नाला एकच उत्तर पुरतं: जे फक्त चित्रातच करता येतं ते दाखवा. या चित्रपटासाठी ॲनिमेटरांची टीम वाढत वाढत दीडशेच्या वर गेली. खर्च ९ कोटी डॉलर, म्हणजे मोठ्या सुपरहिरोपटांच्या निम्म्याहूनही कमी.

त्याची कमाई कशी झाली ते जास्त महत्त्वाचं. अमेरिकेत पहिल्या तीन दिवसांत साडेतीन कोटी डॉलर, म्हणजे स्पायडर-मॅनच्या नावाला साजेसं अजिबात नाही. लोकांना तोवर खात्री नव्हतीच. मग एकानं दुसऱ्याला सांगितलं, ऑस्कर मिळालं, आणि तिथली कमाई १९ कोटींपर्यंत गेली. जगभरात ३८ कोटींच्या आसपास. त्यानंतर पाच वर्षांत तो घराघरांत पाहिला गेला, आणि २ जून २०२३ ला पुढचा भाग आला तेव्हा पहिल्या तीन दिवसांतच अमेरिकेत १२ कोटी जमले. जगभरातली एकूण कमाई ६९ कोटी. बरोबर दोन आठवड्यांनी, १६ जूनला, खऱ्या नटांचा 'द फ्लॅश' लागला. त्यावर २० कोटींच्या वर खर्च होता आणि तो जगभरात २७ कोटींच्या आसपास थांबला. एकाच महिन्यात, एकाच प्रेक्षकापुढे. मी यावरून ॲनिमेशन नेहमी जिंकतं असं म्हणणार नाही, 'द फ्लॅश'ला स्वतःच्या बऱ्याच अडचणी होत्या. पण 'खऱ्या नटांचाच चालतो' हे वाक्य जून २०२३ नंतर कोणी म्हटलं तर त्यांना या दोन तारखा सांगा.

खर्चाच्या बाबतीत दुसरं टोकही ध्यानात ठेवा. २०१८ मध्येच 'टीन टायटन्स गो! टू द मूव्हीज' आला. साधं, टीव्हीसारखं चित्रण, १ कोटी डॉलर खर्च, ५ कोटींच्या वर तिकीटविक्री. त्यात मोठ्या पडद्याचा थाट नव्हता, पण मुलांना आधीपासून आवडणारी पात्रं होती आणि हिशेब बेतात होता. २०१६ मध्ये बॅटमनचा 'द किलिंग जोक' निवडक थिएटरांत खास शोपुरता लावला. ३५ लाख डॉलरच्या चित्रपटानं जवळपास तेवढेच पैसे एका रात्रीत काढले, तेही फक्त जुन्या चाहत्यांच्या जोरावर. थिएटरचं यश एकाच मापाचं नसतं.

आता आपल्याकडे. २००५ मध्ये व्ही. जी. सामंत यांचा 'हनुमान' आला आणि चालला. त्यानंतर सगळ्यांनी पौराणिक ॲनिमेशनपट जाहीर केले. बहुतेकांनी 'हनुमान'चा विषय उचलला, त्यामागची मेहनत उचलली नाही. मे २०१२ मध्ये आठवड्याच्या अंतरानं दोन चित्रपट लागले: आधी छोटा भीमचा, मग 'अर्जुन: द वॉरियर प्रिन्स'. 'अर्जुन' मी दोनदा पाहिला. दिग्दर्शक अर्णब चौधुरींनी त्यात रंग आणि प्रकाशाचं जे काम केलं आहे ते आजही मी नव्या मुलांना दाखवतो. तो पडला. मुलांसाठी तो गंभीर होता, आणि मोठ्यांना कोणी सांगितलंच नाही की हा तुमच्यासाठी आहे. शाळेच्या सुट्टीत सकाळचे शो देऊन महाभारतातली अस्वस्थता विकता येत नाही. ते दुःख मला अजून आहे, कारण त्यानंतर पुष्कळ वर्षं आमच्याकडे मोठ्यांसाठीचा विषय घेऊन कोणी गेलं की 'अर्जुन'चं उदाहरण पुढे यायचं, जसं अमेरिकेत १९९३ चं यायचं.

ती कोंडी फोडली २५ जुलै २०२५ ला आलेल्या 'महावतार नरसिंह'नं. अश्विन कुमार यांचा चित्रपट, ओळखीचा एकही नट नाही, पहिल्या दिवशी कमाई दोन कोटी रुपयांच्या आत. शेवटी ३०० कोटींच्या पुढे. मी दुसऱ्या आठवड्यात पाहिला. खांब फुटतो तेव्हा माझ्या शेजारच्या आजींनी हात जोडले होते आणि त्यांचा नातू खुर्चीवर उभा होता. चित्रणात उणिवा आहेत, काही पात्रांच्या चालण्यात वजन नाही, हे मी सुपरव्हायझर म्हणून सांगेन. पण प्रेक्षक म्हणून सांगतो, त्या वीस मिनिटांत त्या उणिवा कोणी मोजत नव्हतं. नरसिंह हा माणूस आणि सिंह यांच्या मधला देह आहे. नटाला मुखवटा चढवला तर तो सोंग वाटायची भीती असते. चित्रात तो सलग एक देह होतो. विषय आणि माध्यम इथं एकमेकांत नीट बसले.

तरी यातून चुकीचा अर्थ काढू नका. तिथं श्रद्धा होती. आजी नातवाला घेऊन आली ती सुपरहिरो बघायला नाही. तुमच्या कोकणातल्या मुलीला प्रल्हादाची ओळख मिळणार नाही. भारतात नव्या, देवादिकांशी नातं नसलेल्या ॲनिमेटेड सुपरहिरोनं थिएटर भरल्याचं उदाहरण माझ्यासमोर नाही. तुम्ही मोकळ्या मैदानात उतरताय, आणि मैदान मोकळं असण्याचा अर्थ दोन्ही बाजूंनी घ्या.

पैशाचं गणित मांडून दाखवतो, कारण तुमच्या प्रश्नात ते कुठेच नाही. समजा तिकीट १७७ रुपयांचं. १०० रुपयांवरच्या तिकिटाला १८ टक्के जीएसटी, म्हणजे २७ रुपये गेले. उरलेल्या १५० मधला मल्टिप्लेक्समध्ये पहिल्या आठवड्यात निम्मा वाटा वितरकाकडे येतो, दुसऱ्या आठवड्यात साडेबेचाळीस टक्के, मग साडेसदतीस, मग तीस. म्हणजे सर्वांत चांगल्या आठवड्यात एका तिकिटामागे तुमच्या बाजूला ७५ रुपये, आणि त्यातून वितरकाचं कमिशन अजून जायचं आहे. चित्रपटाला १० कोटी आणि जाहिरातीला ३ कोटी धरले तर सतरा लाखांहून जास्त तिकिटं विकली जायला हवीत, तीही पहिल्याच आठवड्यात. नंतरच्या आठवड्यांत तोच पैसा काढायला आणखी तिकिटं लागतात. टीव्ही आणि ओटीटीचे हक्क विकले गेले तर भार हलका होतो, पण ते आधी हातात येतील असं धरून चालू नका. हा आकडा समोर भिंतीवर लावा आणि मग ठरवा की तुमचा चित्रपट १० कोटींचा असावा की ३ कोटींचा.

वेळेचंही तसंच. नव्वद मिनिटं म्हणजे ५,४०० सेकंद, १,२९,६०० फ्रेम. थिएटरच्या दर्जाचं काम करणारा ॲनिमेटर आठवड्याला तीन-चार सेकंद देतो, मालिकेत आम्ही अर्धा ते एक मिनिट काढायचो. चार सेकंद धरले तर तीस ॲनिमेटरांची टीम पंचेचाळीस आठवडे बसेल. आणि हे फक्त ॲनिमेशन झालं. त्याच्या आधीचा स्टोरीबोर्ड आणि ॲनिमॅटिक (स्टोरीबोर्डची चित्रं आवाजासह जोडून केलेला कच्चा चित्रपट), नंतरचं लाइटिंग, कंपोझिटिंग (चित्राचे वेगवेगळे थर एकत्र करणं), आवाज सगळं वेगळं.

एवढी टीम परवडणार नसेल तर तुमच्यासाठी वाट शैलीतून जाते. कमी चित्रांत पूर्ण वाटेल अशी शैली शोधा, जिथं कमी हालचाल ही काटकसर न वाटता त्या चित्राची बोलीच वाटेल. काळा कागद आणि टूज, दोन्ही हेच होतं. 'स्पायडर-व्हर्स'च्या दुसऱ्या भागात पवित्र प्रभाकर नावाचा भारतीय स्पायडर-मॅन आहे. त्याचं मुंबॅटन शहर रंगवताना त्या लोकांनी मुंबईतून निघणाऱ्या जुन्या इंद्रजाल कॉमिक्सची छपाई समोर ठेवली होती. आमच्या घरी काकांनी त्यांतले वेताळाचे, म्हणजे फँटमचे, अंक शिवून ठेवले होते, त्यांतला तो फिका पिवळा आणि रेषेबाहेर गेलेला लाल मला पडद्यावर ओळखू आला. हा चित्रपट भारतात दहा भाषांत आला, त्यांत मराठीही होती. आपल्याकडची जुनी छपाई लॉस एंजेलिसमधल्या टीमनं अभ्यासली, आणि आपण इथं बसून त्यांच्या चेहऱ्यांच्या नकला करतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तुमची गोष्ट कोकणातली आहे. कुडाळजवळ पिंगुळीला जा. तिथल्या ठाकर समाजाची चित्रकथी बघा, कळसूत्री बाहुल्या बघा. परशुराम गंगावणे यांना या कलेसाठी २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. चित्रकथीत बाजूनं काढलेले चेहरे, मोठे डोळे, ठळक रेघ, आणि एक चित्र समोर धरून सांगितली जाणारी कथा. ज्या परंपरेत एक स्थिर चित्र बराच वेळ प्रेक्षकाला धरून ठेवतं, तिच्यात होल्डचा प्रश्न आधीच सोडवलेला आहे. पण तिथून रेघ उचलून आणू नका. त्या कलावंतांना टीममध्ये घ्या, मोबदला द्या, नाव द्या.

तर थिएटरचा विचार सोडू नका, पण थिएटरसाठी लिहायचं असेल तर पहिल्या दिवसापासून थिएटरसाठीच लिहा. घरच्या पडद्यासाठी सुरू करून मध्येच थिएटरकडे वळवू नका, १९९३ मध्ये तेच झालं. मोठ्यांसाठी की मुलांसाठी हे आता ठरवा आणि पोस्टरपर्यंत त्यावर राहा. दहा मिनिटांचा ॲनिमॅटिक तयार झाला की जवळच्या एखाद्या थिएटरच्या मालकाला विचारा, सकाळी पहिल्या शोच्या आधी पडदा रिकामा असतो. पडद्यावर चालेल अशी फाइल करायला फार खर्च येत नाही. ओळखीची नसलेली चाळीस-पन्नास माणसं आणि मुलं बोलवा. तुम्ही पडद्याकडे पाठ करून बसा आणि त्यांच्याकडे बघा. कोणत्या मिनिटाला मुलं आपसात बोलायला लागली ते लिहून ठेवा.

आणि तुमच्या गोष्टीबद्दल एक. त्या मुलीला काय शक्ती मिळते हे तुम्ही सविस्तर लिहून पाठवलंत, पण तिला ती का मिळावी, तिच्या स्वभावात असं काय आहे ज्याचा तो वाढलेला आकार आहे, ते मला त्यात सापडलं नाही. स्टोरीबोर्ड सुरू केलात की आधी तो प्रसंग काढा जिथं ती घरी एकटी आहे आणि तिला कोणी बघत नाहीये. मला पहिल्यांदा तेवढाच पाठवा.